वरच्या दोन माश्या

१

रामहरीआबा मंगळवारी सकाळी सव्वासातला नागेशच्या पडवीतल्या बाजेवर पालथे झोपले आणि साडेसातच्या आत गेले. मधल्या वेळात त्यांच्या पाठीवर दोन मधमाश्या डसल्या होत्या, बाकी काही नाही. त्याआधीच्या अकरा मंगळवारी मिळून चव्वेचाळीस माश्या त्यांनी पाठीवर घेतल्या होत्या. प्रत्येक वेळी उठून, चहा पिऊन, मुलाच्या मोटारसायकलवर बसून ते निरवांगीला परत गेले होते.

शेळगावात आठपर्यंत बातमी फिरली आणि नऊपर्यंत निकालही लागला. नागेशनं माणूस मारला.

मी साखरबाई. नाव गोड आहे, बाकी माझं काही गोड नाही असं माझेच लोक म्हणतात. चौतीस वर्षं इंदापूर तालुक्यात सरकारी नर्स होते. निवृत्त झाल्यावर शेळगावातच राहिले. नागेशच्या माशीच्या उपचाराबद्दल माझं मत सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण मी ते चारचौघांत त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. संधिवात मधमाशीच्या विषानं बरा होतो याला अजून धड पुरावा नाही, आणि ते एखाद्याच्या अंगाला सोसलं नाही तर एक माशीसुद्धा पुरते. त्यावर तो हसून म्हणाला होता, "शिस्टर, तुमी टोचता, आमी बी टोचतो. रागावता कशापायी?"

त्यामुळे गुरुवारी सकाळी त्याची बायको म्हाळसा माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, ही दार चुकली.

"शिस्टर, त्यांनी कबूल केलंय," ती म्हणाली. "मीच मारलं म्हणत्यात. उद्या कोर्टापुढं नेणार. तितं बी त्येच बोलणार."

"मग मी काय करू? जाऊन तोंड शिवू त्याचं?"

"आबांच्या इंद्रजितनं फिर्यादीत लिवलंय, जाणूनबुजून मारलं म्हून. गाव म्हणतंय पेट्या जाळा. जाळू द्यात. पर माझ्या माणसानं कुणाला मारलेलं न्हाय."

"तुला काय माहीत? तू त्या दिवशी डाळजला बहिणीकडे गेली होतीस ना?"

"गेले हुते म्हणूनच म्हाईत हाय."

पुढे ती बोलेना. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. ती पदराचं टोक दातात धरून उभी राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "माझं कोण ऐकतंय, शिस्टर? मागं बी एकदा सांगून बघितलं हुतं. तुमी बोलला की लोक ऐकत्यात. तुमीच बघा."

नागेश मला कधी आवडला नाही. पण न केलेला गुन्हा कुणी कबूल करत असेल तर मला स्वस्थ बसवत नाही. मी चपला घातल्या. उद्या कोर्टाची वेळ व्हायच्या आत खरं काय ते काढायचंच, असं ठरवून निघाले.

२

नागेशचं घर डाळिंबाच्या बागांना लागून आहे. बागेच्या कडेला माश्यांच्या चोवीस पेट्या आणि पुढे पडवी. पडवीत बाज, बाजेशेजारी फळी, आणि फळीवर रिकाम्या औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला काळ्या लोकरीचा दोरा होता. एका दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. बाटल्यांत मेलेल्या माश्या होत्या.

"हे काय आहे?"

"त्यांची वही," म्हाळसा म्हणाली.

नागेशला जवळपास दिसत नाही. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन फसलेलं, दुसऱ्याला हात लावू देत नाही. लिहिणं-वाचणं सुटलं, पण बोटं शाबूत. पाठीवरून बोट फिरवून तो दुखरी जागा हेरायचा. मधमाशी डसली की तिची नांगी माणसाच्या कातडीत राहते आणि माशी मरते. प्रत्येक दुखणेकऱ्याची मेलेली माशी तो त्याच्या बाटलीत टाकायचा. बाटली हातात घेऊन माश्या मोजल्या की कुणाला किती झाल्या ते कळायचं.

"आणि माश्या पकडायचं काम तुझं?"

"व्हय. धूर दिऊन मी डब्यात धरते. ते चिमट्यानं एकेक काढून पाठीवर टेकवत्यात. मी बाभळीच्या काट्यानं नांगी खरवडून काढते. मंगळवारी पहाटं आबांच्या चार माश्या डब्यात भरल्या, हितं फळीवर ठेवल्या आन पहिल्या एस्टीनं डाळजला गेले. बहिणीच्या लेकीची पाचवी हुती. नांगी तेवढी तुमीच काढा म्हणलं त्यांना."

डबा पोलिसांनी नेला होता. बाटल्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सात गाठींची बाटली आबांची, असं म्हाळसानं दाखवलं. मी ती उचलून उन्हात धरली.

माझे डोळे अजून चांगले आहेत. बाटलीतल्या सगळ्या माश्या जाड होत्या, बुडाशी बोथट, आणि डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना भिडलेले. फक्त अगदी वरच्या दोन वेगळ्या होत्या. अंगानं बारीक, शेपटाकडे निमुळत्या, आणि दोघींचं पोट मागून फाटलेलं.

मी शेजारची तीन गाठींची बाटली बघितली. तिच्यात सगळ्या बारीकच होत्या, सगळ्यांची पोटं फाटलेली. पाच गाठींची बघितली. तीही तशीच.

"म्हाळसा, आबांच्याच बाटलीत या जाड माश्या कशा?"

ती पेट्यांकडे तोंड करून उभी होती. तिनं मान वळवली नाही.

माश्यांची माझी अक्कल तेवढीच. मी बाटलीच्या तोंडात कापूस दाबला, म्हणजे वरखाली व्हायला नको, आणि इंदापूरची एस्टी धरली.

३

फौजदार मोहनराव यांच्या दोन्ही लेकरांचे डोस माझ्या हातचे. त्यामुळे ठाण्यात मला खुर्ची मिळाली, चहाही मिळाला.

"सिस्टर, यात शोधण्यासारखं काही नाही," मोहनराव म्हणाले. "माशीच्या विषाचीच रिअ‍ॅक्शन आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. आरोपीनं कबूल केलंय. फिर्यादीचं म्हणणं, मी त्याला बजावलं होतं, तरी त्यानं केलं."

"चव्वेचाळीस माश्यांनी काही झालं नाही आणि दोन माश्यांनी माणूस मेला, हे पटतं तुम्हाला?"

"डॉक्टर म्हणतात, होतं कधी कधी."

"होतं. पण मला नागेशला एक वस्तू दाखवायचीय. दाखवायची म्हणजे हातात द्यायचीय."

नागेश भिंतीला टेकून बसला होता. दोन दिवसांत म्हातारा झाला होता. मला ओळखून म्हणाला, "शिस्टर, तुमचं खरं झालं. एक माशी पुरती म्हणला हुता."

"माझं खरं-खोटं राहू दे. मंगळवारी काय झालं ते सांग."

"आबा पालथं झोपलं. पहिली माशी टेकवली तसं आबा ओरडलं. कधी ओरडत न्हवतं. मी म्हणलं, आबा, आज काय झालं? ते म्हणलं, लाव तू, आज लई झोंबली. दुसरी लावली. नांगी काढाया बोट फिरवलं तर पाठ भाकरीगत फुगलेली. आबांच्या पाठीला आजवर कधी ददोरा उठला न्हवता, शिस्टर. बाकीच्यांच्या उठत्यात. मी म्हणायचो, आबांच्या अंगाला माशी मानवली. मग श्वास घरघराया लागला. मी ओरडलो, इंद्रजित धावत आला. गाडी बोलवस्तोवर..." त्यानं हात वर केले आणि खाली टाकले. "माझ्या हातानं गेलं ते. मीच मारलं."

मी बाटलीचा कापूस काढला. वरच्या दोन माश्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्यानं बोटाच्या शेंड्यानं चाचपल्या.

"डसलेल्या हायेत. नांगी तुटून गेलीय."

मग त्याखालची एक ठेवली. त्याचं बोट तिच्यावरून फिरलं, थांबलं, परत फिरलं. मी दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. अशा दहा ठेवल्या. प्रत्येक माशीचं बूड तो चाचपत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"ह्या कुणाच्या बाटलीतल्या?"

"आबांच्या. सगळ्या अशाच आहेत, वरच्या दोन सोडून."

शेवटची माशी चिमटीत धरून तो अगदी हळू म्हणाला, "डब्यातनं काढताना आवाज घोगरा यायचा. चिमट्याला अंग जड लागायचं. मला वाटायचं, आबांसाठी म्हाळसा चांगल्या पोसलेल्या धरती. आबा सुधारत हुतं, मग मी कशाला इचारू? शिस्टर, हे नर हायेत. माशीतल्या नराला नांगीच नसती. अकरा मंगळवार आबांना एक बी माशी डसलेली न्हाय."

४

म्हणजे चव्वेचाळीस माश्यांचं कोडं सुटलं. त्या अकरा मंगळवारांत आबांच्या अंगात विषाचा थेंब गेला नव्हता. ज्या दिवशी गेला त्या दिवशी ते मेले. आता प्रश्न दोन होते. म्हाळसा फक्त आबांनाच नर का देत होती? आणि मंगळवारी डब्यात खऱ्या माश्या कुणी घातल्या?

म्हाळसाला धरण्याआधी मी निरवांगीला गेले. दारात मांडव होता. सकाळीच नदीवर राख सावडून झाली होती आणि भावकी अंगणात बसली होती. आबांचा एकुलता एक मुलगा इंद्रजित मुंडण केलेल्या डोक्यानं जोत्यावर बसला होता. बारामतीला शेतीचं शिक्षण घेतलेला, ऊस ठिबकवर नेणारा, हुशार पोरगा. त्याच्या उजव्या हाताला उपरणं गुंडाळलेलं होतं आणि चहाचा कप त्यानं डाव्या हातानं घेतला.

"हाताला काय झालं रे?"

"काही नाही, सिस्टर. उसाच्या पाचटानं कापलं."

बोलताना तो उपरण्यावरूनच हात चोळत होता.

"तुझ्या मते काय झालं?"

"माझ्या मते काय? तो माणूस भोंदू आहे," तो म्हणाला. "आबांची कंबर आणि मान संधिवातानं आखडली होती. बारामतीच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. संक्रांतीला आबांनी जाहीर केलं, आजपासून गोळ्या बंद, माशी चालू. मी हातापाया पडलो. चार वर्षं शेतीशास्त्र शिकलो, पण घरात माझं कोण ऐकतं? आबा सगळ्या गावाला सांगत फिरायचे, बघा माझी मान वळायला लागली."

"वळायला लागली होती का?"

"लागली होती. मनाचे खेळ असतात ते."

"मंगळवारी तू आत होतास?"

"मी आबांना सोडलं आणि बाहेर पेट्यांकडे उभा होतो. मला ते बघवत नाही."

तो दर वेळी बोलताना माझ्याकडे बघायचा, फक्त या वाक्याला त्यानं अंगणाकडे बघितलं. 

मी सुनेला, रेश्माला, भेटायला स्वयंपाकघरात गेले. तिला सुतक आणि पाहुणे यांतून मान वर करायला फुरसत नव्हती. आबांची जुनी दुखणी काय होती विचारल्यावर तिनं फडताळातून कापडी पिशवी काढून दिली. पिशवी काढताना सुंठीच्या डब्यामागून गोळ्यांचं एक पाकीट खाली पडलं. अर्धं संपलेलं, बनवल्याची छापील तारीख याच फेब्रुवारीची. तिनं ते झटकन उचलून कमरेला खोचलं. संक्रांतीला गोळ्या बंद झाल्या तर फेब्रुवारीचं पाकीट अर्धं संपवलं कुणी, हे मी मनात ठेवलं आणि पिशवी उघडली.

तळाला एक पिवळा पडलेला कागद होता. एकोणीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी.

"गुऱ्हाळावर काम करताना उन्हाने व चुलाणाच्या धगीने चक्कर येऊन पडले. अंगावर पुरळ, ओठांस सूज, श्वासास त्रास. सलाईन दिले. निदान: उन्हाचा झटका."

मी ती ओळ तिथंच, चुलीपुढे बसून, तीन वेळा वाचली. ऊन लागलेल्या माणसाच्या ओठांना सूज येत नाही. अंगावर पुरळ आणि श्वासाला त्रास, हे एकत्र दिसलं की विद्यार्थिनी नर्ससुद्धा विचारते, काही चावलं का? गुऱ्हाळावर उसाच्या रसाला माश्यांची झुंबड असते, हे शेंबडं पोरही सांगेल. आबांना त्या दिवशी माशी डसली होती आणि त्यांचं अंग ते विष सोसत नव्हतं. ज्या कुणी ही चिठ्ठी लिहिली त्याला एवढंही कळलं नव्हतं.

खाली सही होती. माझी.

५

म्हाळसा पडवीत बसली होती, जशी काही मी येणार हे धरूनच.

"आबांना माशी सोसत नाही हे तुलाच ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशी गुऱ्हाळावर तू होतीस," मी म्हणाले.

"व्हय. चिपाडं वाळवाया हुते. लगीन होऊन वरीस झालं हुतं. आबांच्या मानंवर माशी बसली, त्यांनी हात मारला, आन घडीभरात आबा आडवं. मी डोळ्यानं बघितलं. बैलगाडीच्या मागनं पळत तुमच्या उपकेंद्रात आले. तुमाला म्हणलं, बाई, माशी डसलीया."

मला आठवलं. खरंच आठवलं. दुपारी खोलीत वीस माणसं घुसली होती, डॉक्टर रजेवर, आणि एक कोवळी पोर दारातून काहीतरी ओरडत होती. मी म्हणाले होते, "तुला कुणी विचारलं? बाजूला हो."

"तुमी ऊन लागलं म्हणून लिवलं," म्हाळसा म्हणाली. "संक्रांतीला आबा हितं आलं तवा मी ह्यांना म्हणलं, ह्यांना माशी लावू नगा. मरतील. त्यांनी आबांना इचारलं. आबा हसलं. म्हणलं, मला तवा ऊन लागलं हुतं, नर्सबाईंची चिठ्ठी हाय घरात. हे म्हणलं, मग शिस्टरांपरीस तुला जास्त कळतंय का?"

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"आबा तर हटून बसलेलं. मी नकार दिला असता तर ह्यांनी दुसऱ्याकडनं माश्या धरवल्या असत्या. मग मी नर धरले. पाठीवर फिरत्यात, गुणगुणत्यात. वरनं बाभळीच्या काट्यानं मीच हळूच टोचायची. आबांना पाठ दिसत न्हाय, ह्यांना काहीच दिसत न्हाय. नराला मग बोटात दाबून मारून आबांच्या बाटलीत मीच टाकायची, ह्यांच्या हातात देत न्हवते. चार-सहा मंगळवार झालं की गुण न्हाय म्हणून आबा आपसूक यायचं बंद करतील असं वाटलं. तर झालं उलटंच. त्यांना गुणच यायला लागला!"

"आणि मंगळवारी?"

"डब्यात चार नर हुते. माझ्या हातानं भरलेले. त्या दिशी डाळजला गेलेच नसते तर... न्हाय, कसलं काय. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला खोटारडी म्हणलं असतं. सांगू कुणाला? मी गप्प बसले. माझी चूक हाय."

"तुझी नाही," मी म्हणाले. "आधी उरलेलं काम संपवू."

६

शुक्रवारी सकाळी आठलाच मी मोहनरावांना घेऊन निरवांगी गाठली. वाटेत त्यांना सगळं सांगितलं, माझ्या चिठ्ठीसकट.

"मग म्हाळसानंच त्या दिवशी खऱ्या माश्या भरल्या नसतील कशावरून?" मोहनरावांनी विचारलं.

"अकरा मंगळवार जी बाई माणूस वाचवायला एवढा खटाटोप करते, ती बाराव्याला मारेल कशाला? नागेशला तर डब्यात नर आहेत हेच माहीत नव्हतं, मग तो बदलील काय? पहाटेपासून त्या डब्यापाशी तिसरं एकच माणूस होतं. आबा नेहमी पहिल्या नंबरला यायचे, आणि त्यांना आणायचा इंद्रजित."

इंद्रजितला आम्ही गोठ्यामागे बोलावलं. रेश्मा दारात येऊन उभी राहिली, तिला जा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

"हात सोड," मी म्हणाले.

"पाचटानं..."

"पाचटाचा काप रेघेसारखा असतो, बाळा. चौतीस वर्षं बांधलेत मी. सोड."

त्यानं उपरणं सोडलं. मधल्या बोटापासून मनगटापर्यंत हात टम्म फुगलेला होता. मधोमध एक बारीक काळा ठिपका आणि खाजवून लाल झालेली कातडी.

"म्हाळसा धूर देऊन माश्या धरते," मी म्हणाले. "तुझ्याकडे धूर नव्हता, वेळही नव्हता. तू डबा पेटीच्या दाराशी उघडा धरलास. दारावर राखणीच्या माश्या असतात, सगळ्यांत जुन्या, विषानं भरलेल्या. त्या आपोआप चालून आल्या. चार आत गेल्या, एक तुझ्या हाताला डसली. डब्यातले नर तू आधी काढून घेतले होतेस. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला नर आणि कामकरी माशी ओळखायला कितीसा वेळ लागतो?"

"सिस्टर, तुम्ही मला बापाचा खुनी म्हणताय?"

"नाही. ज्याला मारायचं असतं तो असला पुरावा पायाखाली चिरडतो. ज्याला पटवायचं असतं तो जपून ठेवतो. ते चार नर तुझ्याकडे अजून आहेत. कुठे आहेत?"

मग त्यानं डाव्या हातानं विजारीच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत चार मेलेल्या माश्या होत्या, जाड, मोठ्या डोळ्यांच्या.

"आदल्या मंगळवारी डब्यात डोकावलो तेव्हा कळलं," तो म्हणाला. "माझ्या बापाला नांगी नसलेल्या माश्या लावून फसवत होते. आणि त्या फसवणुकीपायी आबांनी औषध सोडलं होतं. मी म्हणलं, एकदा खरी माशी डसू दे. ओरडतील, उठून बसतील, मग ही काड्यापेटी पुढं करीन. आबा, बघा, इतके दिवस हे लावत होते तुम्हाला! आबांना ती सोसत नाही हे मला कुठं ठाऊक होतं? घरात चिठ्ठी होती, ऊन लागलं म्हणून. मला फक्त त्यांनी गोळ्या परत सुरू कराव्यात एवढंच पाहिजे होतं. औषध सोडलं होतं त्यांनी, सिस्टर. मणका वाकून गेला असता."

"सोडलं न्हवतं."

रेश्मा बोलली होती. तिनं कमरेचं पाकीट काढून हातात धरलं होतं.

"मी रोज राती सुंठीच्या दुधात गोळी कुटून देत हुते. पहिल्या दिसापासनं. एक दिस चुकवला न्हाय. आबांना कळलं असतं तर दूध बी सोडलं असतं, म्हणून कुणालाच बोलले न्हाय." ती नवऱ्याकडे बघत होती. "तुमालाबी न्हाय. तुमच्या पोटात राहिलं नसतं."

आबांची मान कशानं वळायला लागली होती, ते आता आम्हा सगळ्यांना कळलं. इंद्रजित गोठ्याच्या भिंतीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मोहनरावांनी टोपी काढून काखेत धरली.

७

इंद्रजितनं जबाब स्वतः येऊन दिला, कुणाला धरून आणावं लागलं नाही. त्याचं काय होईल ते कोर्ट ठरवील. जाणूनबुजून मारल्याचा आरोप नागेशवरून उठला. परवान्याशिवाय उपचार केल्याचा खटला त्याच्यावर राहील आणि तो राहिलाच पाहिजे, हे मी त्याच्यापुढेच मोहनरावांना सांगितलं. नागेश म्हणाला, "शिस्टर, आता पेट्या मधासाठी आन डाळिंबासाठी. माणसाच्या पाठीला माझा हात लागायचा न्हाय." डोळ्याचं ऑपरेशनही कर म्हणून मी त्याला दम दिला.

माझा जबाब मी शेवटी लिहिला. मोहनराव म्हणाले, एकोणीस वर्षांपूर्वीचं कशाला काढता, त्याची केसला गरज नाही. मी म्हणाले, मला आहे. डॉक्टर नव्हते, गर्दी होती, दुपार होती, हे सगळं खरं. पण पुरळ आणि सूज माझ्याच हातानं लिहून मी उन्हाचा झटका म्हटलं, आणि जिनं डोळ्यांनी बघितलं होतं तिला दारातून हाकललं. आबा, नागेश आणि इंद्रजित यांनी पुढे जे केलं ते सगळं माझ्या त्या एका ओळीवर विसंबून केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी जबाबाची प्रत घेऊन शेळगावला गेले. जामिनावर सुटलेला नागेश बाजेवर पडला होता. म्हाळसा पेट्यांना पाणी ठेवत होती. गावानं पेट्या जाळल्या नव्हत्या.

"लिवलं?" तिनं विचारलं.

"लिहिलं."

"माझं नाव हाय का त्यात? नर घातल्याचं?"

"आहे. आणि आणखी एका ठिकाणी आहे."

मी चष्मा लावला आणि तो भाग वाचला. "रुग्णास मधमाशी डसल्याचे म्हाळसा हिने त्याच वेळी उपकेंद्राच्या दारात मला सांगितले होते. तिचे म्हणणे बरोबर होते. मी ते ऐकून घेतले नाही."

म्हाळसानं हातातली कळशी खाली ठेवली. बाजेवरचा नागेशही उठून बसला होता.

"परत वाचा, शिस्टर," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं वाचा."

मी परत वाचलं.